आधी काय तुटावे?

'टिकाऊ' हा शब्द दुकानदाराच्या तोंडी जितका गोड वाटतो तितका तो समुद्रकाठच्या माणसाच्या कानाला वाटत नाही. पुण्याचा किंवा नाशिकचा माणूस सायकल घेतो तेव्हा ती दहा वर्षे टिकेल असे धरून चालतो. आमच्या सातपाटीला सायकल घेणारा मनात म्हणतो, दोन पावसाळे जाऊ देत, मग बोलू. येथे वारा नुसता वाहत नाही, तो मीठ वाटत फिरतो. खिडकीचे गज, पत्र्याचे खिळे, शाळेच्या फाटकाच्या बिजागऱ्या, इतकेच काय, माझ्या पेटीतला कर्कटक, या सर्वांना तो ज्याचा त्याचा वाटा पोचता करतो. त्यामुळे एखाद्या वस्तूला टिकाऊ म्हणणे ही आमच्याकडे जरा जबाबदारीची गोष्ट समजली जाते. जुनी माणसे तर तो शब्द वापरीतच नाहीत. ती फक्त विचारतात, "कशाचा हाय?" लोखंडाचा, पितळेचा, सागाचा की प्लास्टिकचा, एवढे कळले की वस्तूचे पुढचे भविष्य त्यांना ठाऊक असते.

या शब्दाचा खरा अर्थ मला एका खेळण्याने शिकवला. खेळणे म्हणजे रेडिओच्या लहरींवर चालणारा रणगाडा. दिवाळी अंकाच्या मानाने हा विषय काही वाचकांना किरकोळ वाटेल. मलाही प्रथम तो तसाच वाटला होता. पण खेळण्याचे एक बरे असते. मोठ्या यंत्रात जी गोष्ट कळायला आयुष्य आणि कर्ज खर्ची पडते, ती खेळण्यात चार महिन्यांत आणि थोड्या पैशांत कळते.

माझा एक चुलतभाऊ व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. २०२३ च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्याने माझ्या भाच्यासाठी सिंगापूरहून एक भले मोठे खोके आणले. आत दुसऱ्या महायुद्धातील जर्मनांच्या 'पँथर' रणगाड्याची प्रतिकृती होती. प्रमाण एकास सोळा, तोफेसकट लांबी सव्वा हातभर. भाचा तेव्हा नववीत होता. त्याचे वडील, म्हणजे माझे भाओजी, तांडेल. स्वतःची लाकडी बोट, तिच्यावर सहकारी संस्थेचे कर्ज, आणि घरात सदैव डिझेलचा व जाळ्यांचा हिशेब. त्या घरात रणगाडा शिरला तो असा.

तारेवाचून दुरून वाहन चालवण्याची कल्पना तशी जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट रेडिओच्या लहरींनी चालवून दाखवली. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष रणगाडा नसून होडी आहे. हे मी भाओजींना सांगितले तेव्हा त्यांना फार समाधान वाटले. पुढे १९३९-४० च्या फिनलंडवरील युद्धात सोव्हिएत सैन्याने खरेखुरे रणगाडे रेडिओने हाकून पाहिले. जपानच्या तामिया कंपनीने १९७४ साली शर्मन रणगाड्याची एकास सोळा प्रमाणाची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली, आणि युद्धातला रणगाडा अंगणात आला.

आमच्याकडे अंगणापेक्षा मोठी जागा आहे. ओहोटीला समुद्र लांब मागे सरतो आणि बंधाऱ्याखाली ओल्या रेतीचा व काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. मासळी सुकवण्याच्या वलांडीपासून पाण्याच्या कडेपर्यंत रणगाड्याला हवे ते सगळे तेथे आहे. चढ, उतार, चर, शिंपल्यांची खच. पहिल्या दिवशी सारी पोरे त्याच्यामागे धावली. दीड महिन्याने त्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांतील कड्या एकामागून एक तुटू लागल्या आणि प्रश्न उभा राहिला: आता सुटे भाग कोणते घ्यावेत?

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. वस्तू हाती आली की मी आधी तिचे प्रमाण पाहतो. खरा पँथर सुमारे ४५ टनांचा. लांबी सोळाने भागली की घनफळ सोळाच्या घनाने, म्हणजे ४,०९६ ने भागले जाते. त्या हिशेबाने आमच्या पँथरचे वजन ११ किलो असायला हवे. प्रत्यक्षात ते त्याच्या निम्मेही नव्हते. आता दुसरी बाजू पाहा. दांड्याचे किंवा दात्याचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि क्षेत्रफळ २५६ नेच घटते. म्हणजे वजन जितके उतरले तितके बळ उतरत नाही. मुंगी स्वतःहून कितीतरी जड दाणा ओढत नेते ती याच न्यायाने. मग हा लहानगा पँथर खऱ्याहून चिवट असायला हवा होता. तो मोडत का होता?

याचे अर्धे उत्तर उघड आहे. खरा पँथर पोलादाचा होता, हा प्लास्टिकचा. उरलेले अर्धे उत्तर मला रेतीत बसून सापडले. रणगाडा सोळापट लहान केला, पण रेती कोणी लहान केलेली नाही. अर्ध्या मिलिमीटरचा रेतीचा कण या रणगाड्याच्या दृष्टीने आठ मिलिमीटरची खडी होते. शिंपल्याचा तुकडा म्हणजे फरशी. आणि मीठ तर कोणत्याच प्रमाणाला जुमानत नाही. मोठ्या बोटीच्या शाफ्टवरून ते जितके खरवडते तितकेच या बोटभर दांड्यावरून खरवडते. फरक एवढाच की येथे खरवडायला फारसे काही नसते. तेव्हा अशा रणगाड्याचे भाग निवडताना पहिला प्रश्न 'किती मजबूत?' असा नसून 'कोणत्या जमिनीवर?' असा असतो. दिवाणखान्यात जो भाग दहा वर्षे जाईल तो आमच्या किनाऱ्यावर दहा भरत्या पाहील की नाही याची शंका.

भाच्याने मात्र त्याच्या वयाला शोभेल असाच विचार केला. पट्टा तुटला ना, मग धातूचा पट्टा आणायचा. पैसे साठवून त्याने परदेशातून धातूचे पट्टे मागवले. २०२० साली खेळण्यांवरचे आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले होते आणि २०२३ साली ते ७० झाले, हा धडा त्याला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर मिळाला. पट्टे आले. ओतीव धातूच्या कड्या, पोलादी तारेच्या पिना, हातात घेतले की भार जाणवावा असे. रणगाडा चालताना आता खऱ्यासारखा खणखणाट होऊ लागला. पोरगा खूष झाला.

तीन आठवड्यांनी पुढचे दातेरी चाक गेले. ते प्लास्टिकचे होते आणि धातूच्या कड्यांनी त्याचे दाते उसासारखे चावून टाकले होते. मग धातूचे दातेरी चाक आले. आता पट्टा तुटेना, चाक झिजेना. पण एके दिवशी पट्ट्यात शिंपला अडकला, मोटार मात्र जोर करीत राहिली, आणि पेटीच्या आतून कट्कन आवाज झाला. गिअरचे दोन दाते उडाले होते. आधी असा शिंपला अडकला की प्लास्टिकची कडी तुटायची आणि भानगड तेथेच मिटायची. आता कडी तुटायला तयार नव्हती म्हणून धक्का आत शिरला आणि जेथे हात पोचत नाही अशा जागी जाऊन फुटला.

भाओजी ओट्यावर जाळे शिवीत बसले होते. पोराने त्यांना तो मोडका गिअर दाखवला. त्यांनी सुई न थांबवता सांगितले, "जुन्या जाळ्याला नवा जाड धागा लावला की धागा राहतो, शेजारचा आस फाटतो."

भाच्याला ते पटले नाही. त्याला वाटत होते, आता गिअरही पोलादी घेतला की काम संपले. मला मात्र त्या वाक्याने बराच वेळ सोडले नाही. मग मी खऱ्या पँथरविषयी मिळेल ते वाचायला घेतले, आणि पाहतो तो तांडेलाचे म्हणणे जर्मनांच्या कारखान्यात आधीच खरे ठरलेले!

पँथर पहिल्यांदा मोठ्या लढाईत उतरला तो जुलै १९४३ मध्ये, कुर्स्कला. चिलखत जाड, तोफ लांब पल्ल्याची. आराखड्यापेक्षा त्याचे वजन पुष्कळ वाढलेले. पण इंजिनाची शक्ती पट्ट्यांच्या चाकांपर्यंत पोचवणारी जी शेवटची गिअरपेटी, ती त्या वजनाच्या मानाने दुबळी राहिली. तेथे अधिक चांगल्या रचनेचे गिअर बसवायचे होते, पण युद्धाच्या घाईत तसे गिअर कापणारी यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून साध्या सरळ दात्यांवर भागवले. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने काही पँथर स्वतः वापरले आणि १९४७ साली त्यांविषयी अहवाल लिहिला. त्यात या शेवटच्या गिअरपेटीचे सरासरी आयुष्य १५० किलोमीटर दिले आहे. म्हणजे सातपाटीहून निघालेला पँथर मुंबई गाठील, पण तो परत येईल याची खात्री कोणी देऊ नये. चिलखताने तोफगोळा अडवला, पण त्या चिलखताचाच भार गिअरला सोसवला नाही.

त्यातही दुरुस्तीचा प्रकार पाहा. पँथरची चाके एकमेकांत गुंतवलेली. आतले एक चाक बदलायचे तर बाहेरची अनेक काढावी लागत. रशियाच्या हिवाळ्यात त्या चाकांच्या फटींत चिखल गोठून बसे. आमच्या लहान पँथरच्या फटींत शिंपले बसतात. याउलट अमेरिकनांच्या शर्मनची चाके जोडीजोडीने एका चौकटीत बसवलेली असत आणि ती चौकट बाहेरून बोल्टांनी जोडलेली असे. बिघडली की काढा, दुसरी लावा. रशियनांच्या टी-३४ मध्ये तर मला फारच गमतीची युक्ती आढळली. त्याच्या पट्ट्याच्या पिना एका बाजूने पक्क्या केलेल्याच नसत. चालताना पिन आतल्या बाजूला सरकू लागली की रणगाड्याच्या अंगावर बसवलेली एक उतरती पट्टी, कडी तेथून जाताना, तिला पुन्हा जागेवर ढकली. पिन सरकणार हे त्यांनी आधीच मान्य केले होते. तिला अडवण्याऐवजी परत पाठवण्याची सोय करून ठेवली.

अहिल्यानगरला, तेव्हाच्या अहमदनगरला, १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले. शाळेच्या सहलीत मी मुलांना तेथे नेले आहे. झाडांच्या सावलीत पाकिस्तानकडून घेतलेल्या पॅटनपासून आपल्या विजयंतापर्यंत अनेक रणगाडे शांतपणे उभे आहेत. मुले तोफेची नळी मोजतात. मी यापुढे गेलो तर पट्ट्यांची पिन आणि बोल्टांची डोकी पाहीन. कोणता भाग माणसाच्या हाताला पोचतो आणि कोणता पोचत नाही, यात त्या यंत्राच्या कर्त्याचा स्वभाव कळतो.

इतके झाल्यावर मामा-भाचे खरेदीला निघालो. पालघरहून डहाणू लोकल, विरारला गाडी बदलून मरीन लाइन्स, आणि लोहार चाळीतून चालत नागदेवी स्ट्रीट. बेअरिंग, बोल्ट, साखळ्या, पाने आणि हातोडे यांची ती पंढरी. आम्हाला चाकांसाठी बेअरिंगे हवी होती. भोक पाच मिलिमीटर, बाहेरचा व्यास दहा, जाडी चार. बाजारात या मापाला 'एमआर १०५' म्हणतात. मी नंबर सांगितला. दुकानदाराने लगेच डबा काढला नाही. त्याने विचारले, "कुठे लावायचं आहे?"

हा प्रश्न विचारणारा दुकानदार मिळाला की निम्मी खरेदी चांगली झाली असे समजावे. आम्ही रेतीची, खाऱ्या पाण्याची हकीकत सांगितली. त्याने दोन बेअरिंगे समोर ठेवली. एकाला पत्र्याची झाकणे होती. ते बोटाने फिरवले की भिंगरीसारखे फिरे. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी रबरी झाकणे. ते जरा जड फिरत होते. भाच्याचा हात पहिल्याकडे गेला. दुकानदार म्हणाला, "हे पंख्यात घाल. रेतीत नको. रबरवालं जड फिरेल, पण आतलं ग्रीस आत आणि बाहेरची रेती बाहेर ठेवील." उघड्या ग्रीसमध्ये रेती मिसळली की तिचे वंगण राहत नाही. तिची घासणी होते आणि धातूच धातूला खाऊ लागतो. हलके फिरणारे आणि पुष्कळ दिवस फिरणारे यांतील निवड त्या पोराने त्या काउंटरवर केली. ती करताना त्याला किंचित दुःख झाले हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

मोडलेल्या गिअरचा तुकडाही आम्ही दाखवला. तो पोलादाचा नव्हताच. जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव होता. दाता तुटला होता तेथे आतला धातू भुरभुरीत, कणीदार दिसत होता. अशा ओतीव धातूची पट्ट्याची कडी चालते, कारण तिला वजन हवे असते. दात्यावर मात्र धक्का बसतो, त्याला कापून घडवलेले पोलाद हवे. मात्र सगळे गिअर पोलादी घ्यायचे नाहीत असे आता भाच्यानेच ठरवले होते. मोटारीच्या दांड्यावरचे पहिले छोटे चाक पितळी, पुढची पोलादी. झिजायचे तर पितळी चाक झिजेल. ते चार स्क्रू काढले की हाती येते आणि त्याची किंमतही थोडी.

दांड्यांसाठी आम्ही बोईसरला गेलो. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास लेथची लहान दुकाने आहेत. तेथल्या मिस्त्रीने पूर्वीचा गंजलेला दांडा पाहून सांगितले, नुसते 'स्टेनलेस' म्हणून भागणार नाही. ३०४ नंबरचे भांड्यांना ठीक, मिठाच्या पाण्याला ३१६ घ्या. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मीठ त्याला सहज टोचत नाही. कामातून उरलेल्या सळईचे दोन तुकडे त्याने कातून दिले. सुटा भाग कोणता घ्यावा याचा आणखी एक नियम मला तेथे समजला. जो भाग आपल्या पंचक्रोशीत पुन्हा मिळेल तो, गुणाने थोडा कमी असला तरी, सातासमुद्रापलीकडच्या उत्तम भागापेक्षा टिकाऊ. कारण तो गेला तरी रणगाडा कपाटात जात नाही.

पण मुख्य प्रश्न राहिलाच होता. पट्टा धातूचा, चाक धातूचे, गिअर पोलादी, दांडा ३१६ चा. आता शिंपला अडकला तर तुटणार काय? मोटार जळणार, नाहीतर चिलखताचा प्लास्टिकचा सांगाडा पिळवटणार. काहीच तुटू नये अशी व्यवस्था केली की सर्वांत महागाची वस्तू तुटते.

याचे उत्तर भाओजींनी दिले. तो २०२५ चा जुलै महिना होता. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, कोठे फळी बदलणे, कोठे रंग. भाओजी बोटीच्या बुडाशी काम करीत होते. पोराने आपली अडचण सांगितली. ते म्हणाले, "खाडीतल्या लहान होडीची मशीन बघितलीस? पंखा दगडावर आपटला तर काय तुटतं?"

"पिन."

"पिन कुठं असते?"

"खिशात."

"मग?"

मागे लटकवायच्या त्या छोट्या यंत्रांत पंखा दांड्याला एका मऊ धातूच्या पिनेने जोडलेला असतो. पंखा अडला की पिन कापली जाते, यंत्र मोकळे फिरते आणि वाचते. खलाशी पाच मिनिटांत दुसरी पिन घालतो. भाच्याने त्याच संध्याकाळी दातेरी चाक दांड्याला जोडणारा कडक पोलादी स्क्रू काढला आणि तेथे दोन मिलिमीटरचा पितळी स्क्रू बसवला. ती जागा बाहेरून दिसते, तिला एक पाना पुरतो. सगळ्या रणगाड्यात मुद्दाम दुबळा ठेवलेला तेवढाच एक भाग.

त्याच बोटीच्या बुडाशी पोराने आणखी एक गोष्ट विचारली. पंख्याजवळ जस्ताचा एक ठोकळा बसवलेला होता. त्याला खड्डेच खड्डे पडले होते, कडा विरघळून गेल्या होत्या. शेजारचा पंखा मात्र शाबूत. भाओजी जुना ठोकळा काढून नवा लावीत होते. "हे खराब झालं म्हणून फेकताय?" पोराने विचारले. "खराब नाय झालं. त्यानं काम केलं."

खाऱ्या पाण्यात दोन निराळे धातू एकमेकांस जोडून ठेवले की त्यांची एक विजेची घटमाला होते आणि त्यातला एक धातू विरघळू लागतो. जस्त जवळ असले की विरघळण्याची पाळी जस्तावर येते आणि पंखा, दांडा, सुकाणूचे लोखंड वाचते. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली ब्रिटिश आरमारासाठी सुचवली. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्र ते खाऊन टाकी. डेव्हीने जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचवले. पण गंमत अशी की, तांबे विरघळत होते तोवर त्याच्या विषाने शंख-शिंपले बुडाला चिकटत नसत. तांबे विरघळेनासे झाले आणि जहाजांच्या बुडावर शिंपल्यांची वस्ती झाली. जहाजांची गती मंदावली आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला. एखादी वस्तू झिजत असते तेव्हा ती झिजण्यातूनच काही काम करीत असते, हे तांबे वाचल्यानंतर लोकांना कळले. आज लोखंडी जहाजांना आणि आमच्या बोटींना तो उपाय उपयोगी पडतो, कारण येथे काय वाचवायचे आणि काय झिजू द्यायचे हे ठरलेले असते.

भाच्याने तो खाल्लेला ठोकळा हातात घेऊन निरखला. गिअरमध्ये ज्या धातूला त्याने नावे ठेवली होती तोच धातू येथे सगळ्या बोटीचा भार वाहत होता. धातू वाईट नसतो, त्याची जागा चुकते. जाणते लोक म्हणतात, ठोकळा निम्मा झाला की बदलावा, पुरता संपायची वाट पाहू नये.

हे सगळे रणगाड्यापुरते राहिले असते तर मी लिहायला बसलो नसतो. त्या पावसाळ्यात ताईच्या घरात एक दुसराच हिशेब चालू होता. पापलेट कमी झाले आहे. ज्या माशाने सातपाटीचे नाव दूरच्या बाजारांत नेले, त्याला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, पण मान मिळाल्याने मासा जाळ्यात येत नाही. लहान आसाच्या जाळ्यांत त्याची पिले मरतात हे आमच्याकडचे लोक कितीतरी वर्षे सांगत आले आहेत. डिझेल महाग, खलाशी मिळत नाहीत, संस्थेचा हप्ता ठरलेला. पोरगा दहावी झाला होता. त्याला आय.टी.आय.ला डिझेल मेकॅनिक व्हायचे होते. त्याने ऑगस्टपासून बोटीवर यावे, एका खलाशाचा पगार वाचेल, असे घरातले काही जण म्हणत होते. भाओजींचा उजवा खांदा गेली तीन वर्षे दुखतो आहे. ताई पहाटे मासळी घेऊन पालघरच्या बाजारात बसते. ताण सगळीकडून सारखा येत होता आणि जो तो आपला भाग अधिक घट्ट करीत होता.

एका संध्याकाळी आम्ही दोघेच बोटीच्या सावलीत बसलो होतो. भाओजी म्हणाले, "मास्तर, पिन कोणती ठेवायची ते ठरवायला पाहिजे आता."

मी काही बोललो नाही. ते रणगाड्याबद्दल बोलत नव्हते हे मला कळले होते.

त्यांनी ठरवले ते असे. या हंगामात बोट किनाऱ्यावरच राहील. आपण दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून जायचे, येईल त्या वाट्यातून हप्ता भरायचा, आणि पोराने शिकायचे. ऐकायला हे सोपे आहे. ज्या माणसाने वीस वर्षे आपल्या बोटीचा नारळ स्वतःच्या हाताने समुद्राला वाहिला, त्याने नारळी पौर्णिमेला दुसऱ्याच्या बोटीवर उभे राहायचे हे आमच्या गावात सोपे नाही. मी वर जो नियम मांडला, की तुटायचा भाग स्वस्त असावा, तो येथे लागू पडला नाही. भाओजींनी जे मध्ये घातले ते त्यांच्याजवळचे सर्वांत महाग होते. घरात पितळी स्क्रू नेहमीच मिळत नाही. पण हाताला पोचणारी जागा त्यांनी निवडली, एवढे मात्र खरे. बोट शाबूत आहे, ती पुन्हा पाण्यात लोटता येईल. पोराची सुटलेली दोन वर्षे तशी बसवता आली नसती.

ताईने यावर एकच गोष्ट केली. तिने त्यांना खांदा दाखवायला डॉक्टरांकडे नेले. निम्मा झाल्यावर बदलावा हा ठोकळ्याचा नियम तिला कोणी सांगितलेला नव्हता.

कोणाला असा रणगाडा चालवायचा असेल त्याच्यासाठी आमच्या पँथरची सध्याची कुंडली देऊन ठेवतो. पट्टे धातूचे, पण सैल ठेवलेले. ताठ पट्टा दिसतो छान, मात्र दिवसभर बेअरिंगांना दाबीत राहतो. वरच्या चाकांवर त्याला थोडा झोल हवा. दातेरी चाक धातूचे, कारण पट्टा आणि चाक एकाच जातीचे असावे. बेअरिंगे रबरी झाकणांची. गिअर पोलादी, पहिला पितळी. दांडे ३१६ चे. प्लास्टिकमध्ये जेथे स्क्रू वारंवार काढावा लागतो तेथे पितळी आट्यांची नळी बसवलेली, म्हणजे भोक मोठे होत नाही. ग्रीस बेताचे आणि बंद पेटीतच. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याची अंघोळ, मग कापडाने पुसून उन्हात. ही शेवटची गोष्ट कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि बाकीच्या सगळ्या भागांचे आयुष्य तिच्यावर आहे. दातेरी चाकांना पितळी स्क्रू, आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत तसेच आणखी डझनभर.

भाचा आता सकाळी आय.टी.आय.ला जातो. रविवारी ओहोटी असली की रणगाडा बाहेर निघतो. गणपतीनंतर भाओजी एका फेरीहून परत आले, अंगावरचे ओले कपडेही त्यांनी बदलले नव्हते. त्यांनी पोराला विचारले, "किती पिना गेल्या?"

"चार."

"आणि बाकी?"

"बाकी सगळं आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि अंघोळीला गेले.